तिकिटं काढलीत, पण कोणी पॉझिटिव्ह निघालं तर?

कोविडची साथ चालू असताना घरच्यांना घेऊन परदेशी जावं का, हा प्रश्न तेव्हा माझ्याकडे समुपदेशनाला सारखा यायचा, आणि बहुतेकांना माझ्या तोंडून हो किंवा नाही ऐकायचं असायचं, जे मी कधीच सांगितलं नाही. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

डिसेंबर 2021. कोथरूडची एक बाई, चाळिशीच्या आतली. नणंदेचं जानेवारीत न्यू जर्सीला बाळंतपण, म्हणून नवरा, सासूबाई, आठ वर्षांचा मुलगा आणि ही, असं चौघांचं जायचं ठरलेलं. आणि नोव्हेंबरच्या शेवटी ओमिक्रॉनचं नाव आलं नि हिची झोपच उडाली.

बसल्या बसल्या तिने पिशवीतून फाईल काढली. पासपोर्ट नंबर टाकून घेतलेली कोविनची सर्टिफिकेटं, इन्शुरन्सचा कागद, सगळं कप्प्याकप्प्यात. 6 डिसेंबरपासून अमेरिकेने तीन दिवसांऐवजी आदल्या दिवशीची टेस्ट मागायला सुरुवात केली, त्यावर पिवळा हायलायटर. मुलाला लस नाही, कारण त्या वयाला आपल्याकडे सुरूच झाली नव्हती, पण अठराच्या आतल्यांना तिकडे तेव्हा लशीची सक्ती नव्हती, टेस्ट मात्र दोन वर्षांपुढच्या सगळ्यांना, हे तिला पाठ. अशा माणसाला अजून माहिती देणं म्हणजे आगीत तेल ओतणं, असं माझं मत. शेवटच्या कप्प्यात ऑक्सिमीटर होता. बोलता बोलता तिने दोनदा त्यात बोट घातलं. 98.

मी विचारलं, आदल्या दिवशी चौघांतलं एक जण पॉझिटिव्ह निघालं तर काय ठरलंय? काहीच नाही, अभद्र कशाला बोला म्हणून घरात विषयच निघाला नव्हता. मग घरी करायला दिलं ते एवढंच, की जेवणं झाली की सगळ्यांनी बसायचं, मुलासकट, आणि नाव घेऊन बोलायचं, आजी पॉझिटिव्ह निघाली तर कोण थांबणार, मुलगा निघाला तर कोण, तिकडे गेल्यावर कोणी निघालं तर कुठल्या खोलीत राहायचं. आणि नियम बघायचे ते संध्याकाळी पंधरा मिनिटं, रात्री दोनला मोबाईल नाही.

पुढच्या वेळी नवराही आला. म्हणाला, "मॅडम, कोणाचंही नाव घ्या, ही म्हणते मी थांबते. शेवटी आईनेच विचारलं, अगं, तुला मुळात यायचंय का?"

खरं सांगते, त्या दिवशीची फी सासूबाईंनाच द्यायला हवी होती.

मग ती रडली. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत तिचे वडील गेले, कर्वेनगरला, घरापासून पंधरा मिनिटांवर, आणि ही स्वतः पॉझिटिव्ह म्हणून खोलीत बंद, जाताच आलं नाही. आई आता एकटी. इथून पोचता आलं नाही तर तिकडून काय पोचणार, हे आठ महिने पोटात ठेवून बाई सगळ्यांना सांगत होती की विमानातल्या हवेची भीती वाटते.

नवरा आणि सासूबाई गेले. ही मुलाला घेऊन आईकडे राहिली, त्याला बर्फ बघायचा होता त्यामुळे तो दोन दिवस फुगून बसला. जानेवारीत पुण्यात तिसरी लाट आली, त्याची शाळा परत ऑनलाइन झाली. तेव्हा तिचा मेसेज आला, भाचीचा फोटो आणि खाली एक ओळ, आईच्या टीव्हीचा रिमोट बंद पडलेला, ऑक्सिमीटरचे सेल काढून त्यात घातले.