आधी टकरा शोध, मग अल्गोरिदम

परीक्षेचं वेळापत्रक लावायचंय ना? मग जेनेटिक अल्गोरिदमच्या (उत्क्रांतीची नक्कल करत उत्तर शोधणाऱ्या पद्धतीच्या) मागे इतक्यात लागू नकोस. आधी नोंदणीचा डेटा साफ कर. एकाच विषयाचे दोन कोड निघाले की सगळं मुसळ केरात. मग आलेख काढ: प्रत्येक पेपर एक बिंदू, दोन पेपरांना एक जरी विद्यार्थी सामाईक असला तरी मध्ये रेघ. आता बिंदू रंगव, रेघेने जोडलेल्या दोघांना एकच रंग नको; रंग म्हणजे वेळेचा स्लॉट. त्यासाठी ब्रेलाझ या संशोधकाची १९७९ची डीसॅटर ही रंगवण्याची पद्धत घे: ज्या पेपराच्या शेजाऱ्यांनी सर्वाधिक वेगवेगळे स्लॉट अडवलेत, तो आधी बसव. आणि बॅकलॉगवाल्यांना, म्हणजे मागचे विषय राहिलेल्यांना, विसरू नकोस बाबा! माझं पहिलं वेळापत्रक त्यांनीच मोडलं, चौघांचे दोन पेपर एकाच सकाळी. हॉलची क्षमता स्लॉटगणिक तपास. लागोपाठ आलेले पेपर एकमेकांपासून लांब नेणं नंतर, सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंगने (छोटे बदल करत, सुरुवातीला थोडे वाईट बदलही चालवून घेत, हळूहळू सुधारणाऱ्या पद्धतीने).