पहिली-दुसरीत आठवडाभर शिकवतात तरी काय? सगळे दिवस जयंत्या आणि कार्यक्रमांतच जातात का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पहिलीत आहे. गेल्या आठवड्यात शाळेत एक जयंती, एक ‘रेड डे’ आणि एक मेळावा झाला, वहीत मात्र दीडच पान भरलं. मग शिकवतात कधी, आणि हे कार्यक्रम बंद करा असं शाळेत जाऊन सांगावं का?

सांगू नका. निदान वहीची पानं मोजून तरी सांगू नका. पहिली-दुसरीच्या लेकरांचं शिक्षण वहीत मोजणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि ते पुन्हा वर आलं, म्हणून लिहायला बसले.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे एकाच खोलीत, तिसरी-चौथी सरांकडे. माझ्या पटावर तेव्हा तेवीस मुलं होती. दसरा-दिवाळीनंतर कोयते निघाले की त्यातली चौदा-पंधरा उरतात. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. आमच्याकडे माणसं अशीच मोजतात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे ती लेकरं मागं राहतात. बाकीची आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसून जातात ती पाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत माझ्यासमोर बसलेल्या निम्म्याअधिक लेकरांची आई शेकडो किलोमीटरवर असते. त्या दिवसांत शाळेत काहीतरी घडत असलं तरच ती टिकून येतात. याला तुम्ही कार्यक्रम म्हणा, मी हजेरी म्हणते.

गोष्ट २०१९च्या शेवटच्या सोमवारपासूनची. शुक्रवारी ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. शनिवारी बालबाजार ठरलेला. लेकरांनी घरून काहीतरी आणायचं, मैदानात पोत्यावर दुकान मांडायचं आणि गावानं विकत घ्यायचं.

दुसरीत एक मुलगी होती. आईबाप कर्नाटकात तोडीला, ती आजीजवळ. वाचायची बरी, पण वजाबाकी उभी मांडली की अडायची. २० वजा १५ दिलं की उत्तर १५ यायचं. दर वेळी. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून ती पाचातून शून्य काढायची, पाच लिहायची, मग दोनातून एक काढून एक लिहायची. ज्यांनी दुसरीला शिकवलंय त्यांना ही चूक ओळखीची असेल. मण्यांची माळ झाली, दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या झाल्या, तरी फळ्यावर आलं की पुन्हा १५.

सोमवारी ठरलं, कोण काय आणणार. बोरं, हरभऱ्याची भाजी, पेरू, कोथिंबिरीच्या जुड्या, शेंगदाण्याचे लाडू. प्रत्येकानं आपल्या दुकानाची पाटी आपणच लिहायची. या मुलीनं खडूनं ‘बोर’ लिहिलं. शेजारचा म्हणाला, ‘एकच बोर विकतीस का?’ ती थांबली, पाटीकडे बघत राहिली आणि र वर टिंब दिलं. अनुस्वारावर मी त्याआधी दोन तास घालवले होते.

मंगळवार मापांत गेला. पाच रुपयाला एक ग्लास, पण शीग लावून की सपाट? यावरून वर्गात जी भांडणं झाली ती मी मिटवली नाहीत. बाटलीतलं पाणी ग्लासात, ग्लासातलं लोट्यात, असं ओतून ओतून सगळा वर्ग ओला झाला. पुस्तकात या धड्याला धारकता म्हणतात. वहीत त्या दिवशी एक ओळसुद्धा नव्हती.

बुधवारी १ जानेवारी, नवं कॅलेंडर, त्यावर बाजाराचा वार शोधणं. फार काही नाही.

गुरुवारी गणितपेटीतल्या खोट्या नोटा काढल्या. वीस दिले, पंधराचा माल घेतला, परत किती? वजाबाकी हा शब्द मी उच्चारला नाही. ‘पंधरा तुझे झाले. आता वीसपर्यंत माझ्या हातावर ठेव.’ ती एकेक नाणं ठेवत गेली. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस. हातावर पाच नाणी. तिनं ती स्वतः मोजली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा एकदा मोजली.

इथं थोडं विषयांतर करते. त्याच वर्षी, जून २०१९मध्ये, बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसला ‘वीस सात’ असंही वाचायची पद्धत आली होती. विधानसभेपर्यंत वाद गेला, मराठीची मोडतोड केली म्हणून लोकांनी शिव्या घातल्या. शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जणांनी सहा वर्षांच्या पोराला ‘सत्तावीस’ ऐकून आधी सात लिहिताना, मग उजवीकडे दोन लिहिताना आणि शेवटी बहात्तर करून बसताना पाहिलंय? मी रोज पाहते. एकोणतीस, एकोणचाळीस तर विचारूच नका. मला ती पद्धत पटली होती आणि आजही पटते, सत्तावीस सोडायचं नाही एवढंच.

शुक्रवारी सावित्रीबाई. सगळीकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एका मुलीला नऊवारी नेसवतात, कपाळावर आडवं कुंकू लावतात आणि ‘मी सावित्री बोलतेय’ म्हणून मोठ्या माणसानं लिहिलेली दोन पानं तिच्याकडून पाठ करून घेतात. लेकराला त्यातले निम्मे शब्द कळत नाहीत. फोटो निघतो, माहिती वर जाते, दिवस साजरा झाला. हा प्रकार मला मान्य नाही आणि मी तो वर्गात करत नाही. ज्या बाईनं १८४८मध्ये भिडेवाड्यात मुलींना अक्षर ओळखायला शिकवलं, तिच्या दिवशी मुलींनी अक्षरच लिहायला हवं.

म्हणून आम्ही आज्यांना बोलावलं. नऊ जणी आल्या. दोघी सोडून सगळ्या अंगठेवाल्या. नातवंडांनी पाटीवर आजीचं नाव लिहायचं आणि आजीला बोट धरून गिरवायला लावायचं, एवढाच कार्यक्रम. या मुलीच्या आजीच्या नावात ‘क्म’ होतं. दुसरीला जोडाक्षर, तेही असलं! आदल्या दिवशी तिनं मला चार वेळा विचारलं होतं, क अर्धा कसा करायचा. आजी म्हणाली, ‘माज्या नावात एवढं अवघड काय हाय गं? मी तर सोपं सांगते सगळ्यास्नी.’ मग तिचं बोट पोरीच्या हातात, पोरीचं लक्ष पाटीवर. पहिल्यांदा क आणि म लांब लांब पडले. पोरीनं पदरानं पुसलं, आजीच्याच पदरानं. दुसऱ्यांदा जमलं. आजीनं ती पाटी घरी नेली, शाळेची होती तरी. मी मागितली नाही.

शनिवारी सकाळची शाळा. साडेआठला दुकानं लागली. फीत कापायला एक साहेब आले होते. पद आणि नाव लिहीत नाही. बोरांच्या दुकानावर गर्दी झाली. मी अंगणवाडीच्या ओट्यावरून बघत होते. एकानं वीसची नोट दिली आणि तीन ग्लास घेतले. ती ओठांनी पुटपुटली, बोटांवर मोजलं, पाच परत दिले. थोड्या वेळानं दुसरा आला, तीच नोट, तेच तीन ग्लास, पाच परत. तिसऱ्याच्या वेळी बोटं लागली नाहीत.

शेवटी आजीनं पैसे मोजले. आजी विसात मोजते, जुनी माणसं मोजतात तशी. ‘दोन ईसा न् पाच,’ ती म्हणाली. पोर लगेच म्हणाली, ‘चाळीस पाच!’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘पंचेचाळीस, बाई.’ पुस्तकातली नवी रीत आजीच्या रीतीला इतकी जवळची आहे हे मलासुद्धा त्या क्षणी कळलं. नऊ ग्लास विकले गेले होते. नवापाचे पंचेचाळीस, तोपर्यंत तिला पाचाचा पाढा नववर येऊन अडत होता.

त्यानंतर साहेब वर्गात आले. तिलाच उभं केलं. फळ्यावर उभी मांडणी केली, २० वजा १५. तिनं खडू घेतला आणि १५ लिहिलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, मॅडम, आठवडाभर बाजार आणि जयंती करून हे साधलं का? शेरेबुकात लिहिलं की उपक्रमांमध्ये अध्यापनाचा वेळ खर्च होतो, मूलभूत क्रियांकडे लक्ष द्यावे. मी खाली सही केली. एक शब्द बोलले नाही. ती पोर माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, हातात खडू, खिशात पंचेचाळीस रुपये.

मला तेव्हा बोलायला हवं होतं ते इथं लिहिते. साहेब, तिला वजाबाकी येते, तिला तुमची मांडणी येत नाही. मांडणी मार्चपर्यंत येईल, कारण वजा म्हणजे काय ते आता तिच्या हाताला ठाऊक झालंय. उलट क्रमानं शिकवलेली पोरं मी पाहिली आहेत, हातचे-उसने बिनचूक करतात आणि दुकानदार देईल ते सुटे खिशात घालून येतात. तारा​बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी लेकरांसाठी कुरणशाळा काढली, मुलं गुरं राखायला जायची तिथंच शाळा नेली. खडे, बिया, पानं हेच साहित्य. डी.एड.ला आम्ही सगळ्यांनी हे परीक्षेत लिहिलंय, साहेबांनीही लिहिलं असेल.

मार्चपर्यंत मांडणी शिकवू म्हटलं होतं, पण मार्च २०२०मध्ये शाळाच बंद झाल्या. गावाकडचे पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते थेट १ डिसेंबर २०२१ला. ती चौथीत, सरांच्या वर्गात गेली. वाचताना अडखळत होती, जोडाक्षरं पुसली गेली होती, सगळ्यांचीच गेली होती. आजी एवढंच म्हणाली, ‘दुकानाचा हिशेब तीच बघती आता, मला कोणी फशिवत नाही.’

आता तुमचं. शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलंय. जयंती परिपाठाला जोडून अर्ध्या तासात होते, तिनं हे तास संपत नाहीत. तास जातात ते तालमीत. स्नेहसंमेलनाआधी पंधरा दिवस नाच बसवतात ना, त्यात. आणि शिक्षकाचे जातात माहिती भरण्यात आणि फोटो पाठवण्यात. तेव्हा कार्यक्रम किती झाले हे विचारू नका. मुलाला घरी विचारा, त्या दिवशी तू काय वाचलंस, काय मोजलंस, काय लिहिलंस. ‘लाल शर्ट घालून बसलो’ एवढंच उत्तर आलं, तर तुमची तक्रार खरी आहे. पण त्यानं लाल वस्तूंची नावं सांगितली, कोणी काय आणलं ते मोजून सांगितलं, तर दीड पान पुष्कळ झालं. आता २०२४पासून शासनानंच शाळांना आनंददायी शनिवार करायला सांगितलंय. त्याचाही तालमीचा वार होऊ नये एवढी माझी इच्छा आहे.

पहिलीला सराव लागत नाही असं मी म्हणत नाही. अक्षर गिरवणं, रोज पाच-दहा मिनिटं मोठ्यानं वाचणं याला पर्याय नाही, आणि ते घरीही व्हायला हवं.

आणि हे सगळं मी पंधरा-वीस लेकरांच्या, गाव शाळेच्या दारात असलेल्या वर्गावरून बोलतेय. तुमच्याकडे एका वर्गात साठ मुलं असतील तर बाजार मांडणं सोपं नाही, त्या बाईंना दोष देण्याआधी एकदा वर्ग बघून या. पण कार्यक्रमासाठी भाड्याचा पोशाख, विकतचा मुकुट, आयत्या वस्तू मागत असतील, तर मात्र जरूर बोला. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, तिथं विषय मांडा. खासगी असेल तर एकटे जाऊ नका, वर्गातले आणखी चार पालक बरोबर घ्या.