दाखल करण्याआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

आपलं सागरी संग्रहालय सांभाळायला विश्वस्तांनी तुझी निवड केल्याचं परवा कळलं आणि फार बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, "पहिल्या महिन्यात काय करू?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं तेच काम केलं, पण कुणी सरळ विचारल्यावर काय सांगावं ते सुचेना. आता बसून लिहिते आहे.

पहिल्या महिन्यात नवीन काही करू नकोस. ऑफिसातल्या लोखंडी कपाटातून दाखल नोंदवही काढ आणि एकेका नोंदीपुढची वस्तू शोधत सगळं संग्रहालय फिर. वस्तूवरचा क्रमांक आणि वहीतला क्रमांक जुळतो का बघ. काही वस्तू सापडणार नाहीत. काही सापडतील, पण वहीत नसतील. मी ताबा घेतला तेव्हा डोलकाठीची एक कप्पी अशीच बेवारशी पडली होती. कुणी दिली, कुठल्या तरांड्याची म्हणजे गलबताची, काहीच नोंद नाही. आजही ती नुसती 'लाकडी कप्पी' आहे. ज्याने दिली त्याला तिचा सगळा इतिहास माहीत असणार, आणि आपल्यातल्या कुणीतरी तो ऐकून घेऊन लिहायचा राहिला. वस्तू राहिली आणि तिचं बोलणं गेलं. हे दुःख मला कप्पी हरवली असती तरी इतकं झालं नसतं.

म्हणून तुझ्या कामाचं मूळ मला असं दिसतं: वस्तू दाखल करून घेणं म्हणजे वचन देणं. देणाऱ्याच्या नातवाने पन्नास वर्षांनी येऊन विचारलं, "आमच्या आजोबांचं होकायंत्र कुठे आहे?", तर ते कपाटातून काढून, पुसून, त्याच्या हातात देता आलं पाहिजे. जे वचन पाळता येणार नाही ते देऊ नये. नाही म्हणायला तुला जड जाईल. आपल्याकडे देणगी नाकारणं म्हणजे घरी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं वाटतं.

वर्षातून एकदा तरी कुणीतरी अख्खा मचवा द्यायला येईल. मन लगेच हो म्हणेल. तेव्हा विक्रांत आठव. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात नाव कमावलेली आपली पहिली विमानवाहू नौका. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, मग मुंबईत तिचं तरंगतं संग्रहालय झालं. शाळेच्या मुलांना घेऊन मी तिच्या डेकवर गेले आहे, मुलांचे डोळे कसे झाले होते ते मला अजून दिसतं. २०१२ साली ती असुरक्षित म्हणून बंद करावी लागली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांची वाण नव्हती, लोक न्यायालयापर्यंत गेले. पण खाऱ्या पाण्यात उभं असलेलं पोलाद प्रेमाने टिकत नाही. त्याला दर काही वर्षांनी गोदीत घ्यावं लागतं, खरवडावं लागतं, पत्रे बदलावे लागतात, आणि हा खर्च कधी संपत नाही. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी २००२ पासून लोक बघताहेत. तिला सरळ ओढून किनाऱ्यावर आणलं, पाण्यातून बाहेर काढलं, आणि निवृत्त नौसैनिकच तिच्या पोटात उभे राहून लोकांना माहिती सांगतात. दोन्ही निर्णय देशप्रेमातूनच झाले होते. फरक पडला तो ठेवण्याच्या पद्धतीचा.

लाकडाचं तर याहून अवघड. मचवा पाण्यात ठेवलास तर कीड पोखरते, जमिनीवर घेतलास तर लाकूड सुकून फळ्यांच्या सांध्यांत फटी पडतात. स्वीडनमधलं वासा जहाज १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीत, बंदरातून जेमतेम सव्वा किलोमीटरवर बुडालं. २४ एप्रिल १९६१ ला वर काढलं. लाकूड आक्रसू नये म्हणून त्यावर सतरा वर्षं मेणासारख्या रसायनाचा फवारा चालू होता. सतरा वर्षं! आणि तरीही २००० च्या सुमारास लाकडात आम्ल तयार होत असल्याचं दिसलं, मग गंजलेले हजारो बोल्ट काढून नवे पोलादी घालावे लागले. त्यांच्याकडे पैसा आहे, शास्त्रज्ञ आहेत, थंड हवा आहे. आपल्याकडे जूनपासून भिंतींना घाम फुटतो.

मग होडी घ्यायचीच नाही का? तसं नाही. आधी तीन गोष्टी कागदावर मांड: ती कुठल्या छपराखाली राहील, दर वर्षी तिला तेल-चुना कोण करील, आणि त्याचे पैसे कुठून येतील. तिन्हींपुढे उत्तर लिहिता आलं तर घे. नाही आलं तर तिचं मोजमाप घे, फोटो काढ, बांधणाऱ्या सुताराला बोलतं कर, आणि होडी ज्याची त्याला मानाने परत दे. आपल्याकडे भिंतीवर शिबाडाचा, म्हणजे शिडाच्या मोठ्या गलबताचा, जो आराखडा लावला आहे तो असाच आला. ते शिबाड आता नाही, पण आराखड्यावरून उद्या कुणी सुतार तसंच नवं बांधू शकेल.

लोखंडाबद्दल एवढं पक्कं लक्षात ठेव. समुद्रातून निघालेला नांगर किंवा तोफेचा गोळा कुणी आणून दिला तर तो उन्हात वाळवू देऊ नकोस. शेकडो वर्षं मुरलेलं मीठ वाळताना फुलतं आणि लोखंडाचे पापुद्रे सुटतात. आणलेला तसाच ओला, धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून ठेव आणि जाणकाराला फोन कर. माझ्या पहिल्या वर्षी एका मच्छीमाराच्या जाळ्यात लहानसा नांगर आला. मी तो आवारात, सगळ्यांना दिसावा म्हणून, कट्ट्यावर ठेवला. दिवाळीपर्यंत त्याचा झाडूने गोळा करण्याजोगा चुरा झाला होता. आणि हौसेने तोफांना काळा ऑइलपेंट फासायला कुणी आलं तर हात जोडून थांबव. रंगाखाली मीठ तसंच राहतं आणि गंज आतून चालतो. सापडलेल्या वस्तूची कायदेशीर बाजूही असते. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, त्यामुळे आधी पुरातत्त्व खात्याशी बोल, मग वर्तमानपत्राशी.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण ते तू सीएकडून माझ्यापेक्षा चांगलं शिकशील. तिकिटावर संग्रहालय चालत नाही. आपलं तर विजेचं बिलही त्यातून पुरं होत नाही. सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, नवं दालन, नवा पडदा, नवी फीत कापायला पैसे मिळतात. ते जरूर घे, पण प्रस्तावातच पुढच्या देखभालीचा खर्च मांडायला लाजू नकोस. सीएसआरचा पैसा कायम निधीत टाकता येत नाही, म्हणून कायम निधी गावातल्या आणि मुंबईला गेलेल्या माणसांकडून, हजार-दोन हजारांनी जमवावा लागतो. पैसे कायम निधीसाठीच दिले आहेत असं प्रत्येकाकडून लेखी घे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेलाच पाहिजे. हे एक काम मागे पडलं की बँकेच्या सह्यांपासून सगळं अडतं. विश्वस्तांना वाईट बातमी तूच, सगळ्यात आधी सांग. छप्पर गळतं आहे हे त्यांना गॅलरीत बादली बघून कळता कामा नये.

आता ज्यावर तुझी खरी परीक्षा होणार ते.

आपल्याकडे येणारा बहुतेक प्रत्येक जण आरमाराचा अभिमान मनात घेऊन येतो. तो अभिमान खरा आहे आणि मलाही आहे. १६६४ साली मालवणच्या खडकावर सिंधुदुर्ग उभा करायला घेणारा राजा समुद्र ओळखून होता. इंग्रजी कागदांत कान्होजी आंग्र्यांना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हटलं आहे, तर आपल्या फलकावर सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख, लिहायचं, आणि 'चाचा' हा शब्द इंग्रजांनी का वापरला तेही लिहायचं: कान्होजी दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय त्यांची गलबतं जाऊ देत नव्हते. राज्याच्या समुद्रावर राज्याचा अंमल, एवढीच ती गोष्ट. पण मग १७५६ चा फलकही तितक्याच मोठ्या अक्षरांत लागला पाहिजे. त्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळलं. जाळणारे इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह होते, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. हा फलक लावला तेव्हा एका सद्‌गृहस्थांनी देणगी परत मागितली. रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी देणगी परत केली आणि फलक तसाच ठेवला. पुढे एका शाळेची मुलं त्या फलकासमोर अर्धा तास भांडत होती की चूक कुणाची. माझ्या सगळ्या वर्षांतला तो सर्वांत चांगला अर्धा तास.

आरमार म्हटलं की सरदार आठवतात. दर्यासारंग, दौलतखान, मायनाक भंडारी ही नावं घे, पण शीड शिवणाऱ्याचं, दोर वळणाऱ्याचं, होडी चालवणाऱ्या तांडेलाचं, कोळणीचंही दालन हवं. वाघोटणच्या खाडीत गिर्ये गावाजवळ खडक कापून केलेली गोदी आहे. तिथे मुलांना ने आणि विचार, हा खडक कुणी फोडला असेल? मुंबईच्या वाडिया गोदीत १८१७ साली सागवानाची ट्रिंकोमाली ही लढाऊ नौका बांधली, ती आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. दोनशे वर्षं टिकलेलं ते काम मुंबईच्या कारागिरांच्या हातचं आहे. बांधून घेणाऱ्या जमशेटजी वाडियांचं नाव आपल्याला माहीत आहे. तासणाऱ्यांची नावं कुठे आहेत?

ती नावं कागदांत मिळत नाहीत, माणसांकडे मिळतात. इथे माझ्या हातून झालेली चूक सांगते. रामदास बोटीची जलसमाधी तुला माहीत असेल. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, गटारीचा दिवस, सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं आणि इकडे घराघरांत रडणं होतं. त्या बोटीतून पोहत वाचलेले एक आजोबा आपल्यापासून दोन गावं पलीकडे राहत होते. त्यांच्या मुलाने निरोप पाठवला, "बाबा बोलायला तयार आहेत." मे महिन्याची अखेर होती, छपराची शाकारणी निघाली होती, मी म्हटलं पावसाळा उलटला की येते. ते श्रावणात गेले. मी दिवसाला गेले आणि त्यांच्या सुनेने मला एक पितळी डबा दिला. त्या दिवशी तो त्यांच्या कमरेला होता म्हणे. डबा आपल्या दुसऱ्या दालनात आहे, क्रमांक लावलेला, स्वच्छ. त्याच्याशेजारी चार ओळी आहेत. तिथे चाळीस पानं असायला हवी होती.

म्हणून गळतं छप्पर, बदल अर्ज, सीएसआरच्या बैठका या सगळ्यांच्या वर एक वही ठेव. किनाऱ्यावरच्या पंच्याहत्तरीपुढच्या माणसांची यादी, गाववार. दर आठवड्याला एकाकडे जायचं. फोनवर ध्वनिमुद्रण चांगलं होतं. आधी परवानगी घ्यायची, नंतर त्यांनाच ऐकवायचं, आणि घरी एक प्रत द्यायची. मालवणीत बोलले तर मालवणीतच लिहून घे, आगरीत तर आगरीत. वाऱ्यांची नावं, माशांची नावं, होडीच्या एकेका फळीचं नाव, ही शुद्ध मराठीत आणायला गेलीस की हातातून निसटतील.

माझ्या यादीत एक नाव राहिलं आहे. आगबोटी चालत होत्या त्या काळी बंदरात उतारूंना पडावातून बोटीपर्यंत नेणाऱ्या एका तांडेलाच्या त्या पत्नी आहेत, वय नव्वदीच्या पुढे. नवरा तापाने पडला होता त्या दिवसांत त्यांनी स्वतः वल्हं मारलं असं गावात सांगतात. मी निरोप दिला आहे. येत्या शनिवारी सकाळी दहाला मी फाट्यावर थांबते. फोन पूर्ण चार्ज करून आण, आणि आजींना ऐकू कमी येतं, तेव्हा त्यांच्या उजव्या बाजूला बसायचं.

तुझी,
मावशी