आधी बाकावर, मग कागद

प्रश्न : गोव्यात वेर्ण्याला बांधकामावर आलेल्या एका बाईने आपली मुलगी आमच्या सरकारी प्राथमिक शाळेत आणली आहे. वय नऊ सांगते. जन्मदाखला नाही, कर्नाटकातल्या गदगकडच्या शाळेचा दाखला नाही, आधार कार्ड गावी राहिलंय. दोन वर्षं शाळा सुटलेली. कागद येईपर्यंत थांबू का? आणि घ्यायचीच तर कोणत्या वर्गात?
— एक शिक्षिका, सासष्टी

उत्तर : थांबू नका, बाई. आजच पटावर घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर होतोय म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला मूल परत पाठवता येत नाही, हे कलम ५. उलट दाखला द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असंही तिथेच म्हटलंय. वर्ष अर्धं सरलं असलं तरी दार बंद नाही (कलम १५). आधार नाही म्हणून शाळाप्रवेश अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं.

वर्ग ठरतो वयावर. सहाला पहिली, म्हणजे नऊला चौथी. नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवलं की ती आठवड्यात येणं बंद करते. सहा वर्षांच्या पोरांत तिला लाज वाटते. नाव चौथीत घाला आणि मागे राहिलेलं भरून काढायला कलम ४ प्रमाणे विशेष प्रशिक्षण सुरू करा. केंद्राच्या नमुना नियमांत त्याची मुदत किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं आहे. हे प्रशिक्षण म्हणजे शेवटच्या बाकावर चित्रं रंगवत बसवणं नव्हे. रोज ठरलेला तास, ठरलेली शिक्षिका आणि ती कुठवर आली याची वही, एवढं तरी हवं. चौदा वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं तिचं शिक्षण फुकटच राहतं.

वयासाठी दवाखान्याची किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरातली नोंद चालते, अंगणवाडीची चालते, काहीच नसेल तर आई-वडिलांचं लेखी घोषणापत्र. लसीकरणाचं कार्ड विचारून पाहा. ते बहुधा ट्रंकेच्या तळाशी असतं. आणि कृपा करून जन्मतारीख म्हणून सरसकट १ जून लिहून मोकळ्या होऊ नका. ती जुनी खोड पुढे आधारवरच्या तारखेशी भांडते. नावाचंही तेच. आधारवर आडनावाच्या जागी नुसतं वडिलांचं आद्याक्षर, शाळेच्या रजिस्टरात कुणीतरी विचारून घातलेलं ‘राठोड’. आज हा फरक किरकोळ वाटतो. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि दहावीचा फॉर्म दोन्ही तिथेच अडकतात. आधार गावाहून आलं की अक्षरन् अक्षर ताडून घ्या.

आधीच्या शाळेत तिला यूडायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी पोर्टलचा, पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) मिळालेला असणार. तो फोनवर मागून घ्या. जुन्या शाळेने पोर्टलवर तिला ‘सोडून गेली’ दाखवलं नसेल तर तुमच्याकडे नोंद ओढता येत नाही, आणि मग घाईत नवी नोंद केली जाते. एका मुलीच्या दोन नोंदी झाल्या की निस्तरताना नाकी नऊ येतात.

पेरणीला किंवा जत्रेला कुटुंब महिनाभर गावी गेलं तर नाव कापू नका. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कायमचं जातायत असं कळलं, तर दाखला आणि पेन क्रमांक त्याच दिवशी आईच्या हातात द्या. ‘नंतर पोस्टाने पाठवतो’ म्हटलेले दाखले क्वचितच पोचतात.

प्रश्न : मी दुसरीला शिकवतो. निम्मी मुलं कर्नाटकातल्या कामगारांची. तोंडी काही विचारलं की गप्प. पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहितात. ही मुलं मतिमंद आहेत का, असं एका पालकांनी सभेत विचारलं.
— शिक्षक, मुरगाव तालुका

उत्तर : त्या पालकांना ‘पंचवीस’ हा शब्द सावकाश म्हणायला सांगा. आधी पाच ऐकू येतात, मग वीस. मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं. कन्नडमध्ये इप्पत्तैदु, म्हणजे इप्पत्तु अधिक ऐदु, वीस आणि पाच. बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. छत्तीसचं मूवत्तारु, तेही तसंच. आणि एकोणतीस तर त्या मुलांसाठी चकवाच आहे. कानावर पडतं तीस, लिहायचे २ आणि ९. कन्नडमध्ये ते सरळ इप्पत्तोंबत्तु, वीस-नऊ. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात पंचवीससाठी ‘वीस पाच’ आलं तेव्हा आपण सगळे हसलो होतो. या मुलांसमोर उभं राहिलं की त्यातली अर्धी गोष्ट पटते.

तर असं करा. दहा-दहा काड्यांच्या जुड्या रबर लावून ठेवा. दोन जुड्या आणि पाच सुट्ट्या मांडा. मुलाने आधी आपल्या भाषेत आकडा म्हणायचा, मग पाटीवर लिहायचा, आणि शेवटी तुम्ही ‘पंचवीस’ म्हणायचं. शब्द शेवटी, इथेच बहुतेकांची चूक होते. २१ ते २८ पक्के होईपर्यंत एकोणतीसला हात लावू नका, एकोणचाळीसला तर नकोच. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

गप्प बसण्याचंही कारण आहे. नवी भाषा कानात मुरेपर्यंत मूल बोलत नाही. काही आठवडे, कधी काही महिने. तोवर उत्तर बोट दाखवून, वस्तू उचलून, चित्र काढून घ्या. एकाच भाषेच्या दोघांना शेजारी बसवा आणि गणित सोडवताना त्यांच्या भाषेत बोलू द्या. ‘वर्गात मराठीच’ असा दम दिलात तर विचार करणंही थांबतं. लिंगाच्या चुका वर्षभर लाल करू नका. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसक. तो दगड, ती वाट, ते झाड हा भेद त्या मुलाच्या दृष्टीने निव्वळ लहर आहे.

फक्त एक सांभाळा. कर्नाटकातून आलं म्हणजे घरी कन्नडच, असं नाही. लमाण्यांची गोरबोली राजस्थानीच्या कुळातली. त्या मुलाला कन्नड पुस्तक दिलंत तर तीही परकीच भाषा. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच आईला तीन गोष्टी विचारून रजिस्टरात लिहा : मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरी मोठी माणसं त्याच्याशी कोणती बोलतात, आणि आधीची शाळा कोणत्या माध्यमाची. कन्नड वाचता येणारं मूल असेल तर कर्नाटकची पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. गणिताच्या पुस्तकातले हवे तेवढे धडे छापून घ्या.

प्रश्न : अमेरिकेत माझ्या पुतणीच्या वर्गात निम्मी मुलं स्पॅनिश बोलणारी आहेत. तिथे म्हणे कागद न विचारता शाळेत घेतात. खरं का?
— वाचक, म्हापसा

उत्तर : देशात राहण्याचे कागद नाहीत म्हणून सरकारी शाळा मुलाला नाकारू शकत नाही, इतपत खरं. टेक्सासने १९७५ साली अशा मुलांना वगळण्याची मुभा शाळांना दिली होती. त्यावरच्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. निकाल शाळेपुरता आहे, कॉलेजची फी त्यात येत नाही. राहत असल्याचा पत्ता आणि लसीकरण मात्र तिथेही विचारतात.

आमच्या मते आपल्याला जास्त उपयोगी आहे तो १९७४ चा ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’. खटला सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचा, फायदा पुढे स्पॅनिश बोलणाऱ्यांनाही मोठा झाला. सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागवलं असं होत नाही, मुलाला भाषाच कळत नसेल तर, असं न्यायालय म्हणालं. वर सांगितलेले भाषेचे प्रश्न तिथल्या शाळांत प्रवेशाच्या फॉर्मवरच असतात. शेतमजूर आणि मच्छीमार कामगारांच्या फिरत्या मुलांसाठी १९६६ पासून वेगळी योजना आहे, आणि त्यांच्या नोंदी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाव्यात यासाठी संगणकीय व्यवस्था आहे. बांधकाम कामगारांची मुलं मात्र त्यात धरत नाहीत.

प्रश्न : आम्ही लमाणी. मुलगी गोव्यातच जन्मली, आता अकरावीला. गोव्याचा अनुसूचित जातीचा दाखला मिळेल का?
— पालक, झुआरीनगर

उत्तर : नाही. गोव्याच्या यादीत भंगी (हाडी), चांभार, महार, माह्यावंशी आणि मांग या पाचच जाती आहेत. कर्नाटकात लमाणी अनुसूचित असले तरी ते आरक्षण राज्याची हद्द ओलांडून येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच ठरवलं. मूळ राज्याच्या दाखल्यावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मूळ राज्याकडूनच मागायची असते; शिक्षण गोव्यात चालू असलं तरी.

प्रश्न : आम्ही वेळीप समाजाचे (अनुसूचित जमात). मुलगा आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत निवडला गेला, पण नववीचे पैसे आले नाहीत. बँक म्हणते, आमच्याकडे काही आलेलं नाही.
— पालक, काणकोण

उत्तर : बँक बहुधा खरं बोलतेय. वर्षाचे १२,००० रुपये तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातीलच असं नाही. आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. पोस्टमनने दारात येऊन मुलाचं पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं होतं का, आठवून पाहा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ मध्ये मुलाचा आधार क्रमांक घातला की बँकेचं नाव दिसतं. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो; तो नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्र गाठा. तिथे खातं चालू दिसलं आणि तरीही पैसे नसले, तर शाळेत जाऊन नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज शाळेकडून पडताळला गेला होता का ते पाहा. मुदत संपेपर्यंत तो शाळेच्याच लॉगिनमध्ये पडून राहिला, असं खूपदा निघतं.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतः भरावा लागतो, आपोआप होत नाही. अकरावीत चालू ठेवायला दहावीत ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. केंद्राच्या दुसऱ्या शिष्यवृत्तीचा अर्ज सोबत भरू नका, दोन्ही अडकतात.