मुलगी सहावीत आहे. वर्गात रंगावरून आणि आडनावावरून चिडवतात. बाई म्हणतात, "आमच्याकडे भेदभाव नाही." शाळेत जाऊन काय बोलू?

बाई खोटं बोलत नसतील. त्यांना खरंच दिसत नसेल. माझ्या बाई तर फार चांगल्या होत्या, वही नसली तर स्वतःच्या पैशानं आणून द्यायच्या.

तुम्ही कोल्हापूरच्याच, म्हणून सांगतो. २६ जूनला शाहू जयंती. आमच्या शाळेत दरवर्षी एकच नाटुकलं, गंगाराम कांबळ्यांचं चहाचं हॉटेल. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार म्हणून हॉटेल ओस पडलेलं, मग महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, थांबवून स्वतः चहा पितात. मी पाचवी, सहावी, सातवी सलग तीन वर्षं गंगाराम. महाराज कायम एक घाऱ्या डोळ्यांचा गोरा पोरगा. महाराजांचा फोटो कुणीही बघावा, धिप्पाड पैलवान माणूस! आमच्या महाराजांचा भाड्यानं आणलेला मखमली कोट खांद्यावरून घसरायचा, मागून टाचण्या माराव्या लागायच्या. पण गोरा होता ना, बास.

सातवीत मी धीर करून विचारलं, "बाई, यंदा मी महाराज होऊ?" बाई हसल्या. "अरे, शोभायला नको का?"

मग रंगवायला बसलो. महाराजांना पावडर, ओठाला लाली. गिऱ्हाइकं झालेल्या दोघांच्या गालाला काजळ फासलं, गरीब दिसायला. बाई डबी घेऊन माझ्यापुढं आल्या, तोंडाकडं बघितलं आणि झाकण लावलं. "ह्याला काही लावायला नको." सगळी हसली. मीपण हसलो.

त्या वर्षी खरा चहा ठेवायचा ठरलेलं. आईनं पहाटे उठून वेलदोडा घालून केला, किटली घेऊन मी चालत शाळेत. महाराजांनी कप तोंडाला लावला, मान मागं टाकली, "वा गंगाराम!" टाळ्या. पडदा पडल्यावर कप उचलायला गेलो तर काठोकाठ भरलेला. वर साय धरलेली.

त्या नाटकात काय नव्हतं तेही ऐका. गंगाराम राजवाड्याच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारलं होतं. त्यांनी गाऱ्हाणं थेट महाराजांपुढं मांडलं, महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि धंद्याला पैसे दिले. आमच्या नाटकात हौद नाही, मार नाही, गाऱ्हाणं नाही. पडदा उघडला की गंगाराम हात जोडून उभा. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा महाराजांनी १९१९ साली बंद केल्या, सगळी पोरं एका शाळेत बसवली. पण भूमिका वाटणाऱ्या बाईंना काय हुकूम काढणार?

म्हणून शाळेत गेलात की "भेदभाव होतो का" असं विचारूच नका, उत्तर "नाही" असंच येणार. मोजता येईल ते विचारा. पाहुण्यांना गुच्छ कोण देतं? वर्ग झाडायला कुणाची नावं निघतात? शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की जातीची यादी वर्गात मोठ्यानं वाचता का? नाटकातल्या भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा म्हणावं. आणि सगळं लेखी द्या, पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या, १७ व्या कलमात मुलाचा मानसिक छळही बसतो, हे अर्जात लिहाच. तोंडी तक्रारीचा चहा होतो फक्त.

आमचे महाराज अजून माझे दोस्त आहेत, हेही सांगायला पाहिजे. रविवारी रंकाळ्यावर भेटतो. हा विषय काढला की म्हणतो, "मर्दा, संवाद तुलाच जास्ती होते. तू उगाच मनाला लावून घेतलंस. पोरांना त्या वयात काय कळतंय?" सगळं कळतं. तुमच्या मुलीला कळलंच की. आणि चिडवणाऱ्यालाही कळतं, घरून शिकूनच येतो तो.

आता, प्रत्येक चिडवणं जातीचंच असतं असं नाही. जाड्या, चष्मिष म्हणणारीही असतात, ते मुलीकडून नीट काढून घ्या. जात काढून शिवी दिली असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे, पण समोर सहावीतलं पोर आहे, आधी वकिलाशी बोला. आणि त्या पोराला वर्गापुढं उभं करून माफी मागायला लावू नका. वर्गापुढं उभं राहणं काय असतं ते मला विचारा.

राहिला तो कप. दोस्त तीस वर्षं एकच सांगतोय, "चहा गरम होता रे." भावा, तू हे वाचणार माहितेय मला. चहा आईनं सहाला केला होता. नाटक पाहुण्यांच्या भाषणांनंतर होतं, साडेनऊला.