ओढ्यातले शिकारी किडे माशांना खातात, की मासेच किड्यांना खातात?

दोन्ही खरं आहे. कोण कोणाला खाणार हे अंगाच्या मापावर ठरतं, आणि माप महिन्यागणिक बदलतं. माझं गाव सिंधुदुर्गात सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. घरामागे व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो, त्यामुळे हा उलटफेर दरवर्षी बघतो.

जूनमध्ये पहिले मोठे पाऊस झाले की मासे अंडी घालायला व्हाळातून वर, थेट भाताच्या शेतापर्यंत येतात. हेच चढणीचे मासे. थोड्याच दिवसांत काठच्या गवताजवळ नखाहून लहान पिल्लं दिसू लागतात. तेव्हा राज्य किड्यांचं असतं.

त्यातला माझा सर्वांत आवडता म्हणजे चतुराचं पिल्लू. उडणारा चतुर सगळ्यांना माहीत असतो, पण त्याचं बालपण पाण्यात जातं. हे पिल्लू मातकट रंगाचं असतं आणि पाचोळ्यात दबा धरून बसतं. त्याचा खालचा ओठ लांब, मधे सांधा असलेला, टोकाला आकडे असलेला. एरवी तो हनुवटीखाली घडी करून ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की ओठ झटक्यात पुढे सुटतो. सेकंदाच्या काही शतांश भागात सगळा खेळ आटोपतो. मी एक पिल्लू बरणीत डासांच्या अळ्यांबरोबर ठेवलं होतं. शांत लटकलेल्या अळीकडे त्याने पाहिलंही नाही. अळी वळवळली आणि गेलीच! डोळ्यांनी मला झडप दिसली नाही, फक्त अळी नाहीशी झालेली दिसली. पुढे दोन पिल्लं एका बरणीत ठेवली, तर सकाळी एकच उरलं होतं.

दुसरा शिकारी पाण्यातला मोठा ढेकूण. याची तऱ्हा वेगळी. पुढच्या पायांनी आवळून धरायचं, सोंड खुपसायची, आत पाचक लाळ सोडायची आणि विरघळलेलं मांस शोषून घ्यायचं. चावून गिळायचं नसल्यामुळे तो स्वतःएवढ्या, कधी स्वतःहून मोठ्या बेडूकमाशालाही (बेडकाच्या पिल्लालाही) धरतो. यातल्या एका लहान जातीच्या पाठीवर अंड्यांचा थर दिसतो. ती मादी नव्हे, नर असतो. मादी त्याच्याच पाठीवर अंडी चिकटवून जाते.

माशाचं मात्र तसं नाही. तो बहुतेक वेळा भक्ष्य अख्खं गिळतो, म्हणजे जे तोंडात मावेल तेच त्याचं. मरळ झाडाच्या मुळांशी स्तब्ध असते. भक्ष्य जवळ आलं की ती तोंड आणि कल्ले एकदम फाकवते, पाणी आत ओढलं जातं आणि त्याबरोबर भक्ष्यही. वाम दिवसा दगडाखाली असते. रात्री बाहेर पडून लांब नाकाडाने रेती-दगडांच्या फटी धुंडाळते आणि अळ्या, गांडुळं टिपते. पाण्यावर पडणाऱ्या मुंग्या-पाखरांवर वरच्या थरातले छोटे मासे टपलेले असतात. तिथे त्यांचा वाटेकरी म्हणजे पाण्यावर चालणारे किडे, पाणनिवळ्या. पडलेला किडा धडपडला की पाण्यावर तरंग उठतात, ते त्यांना पायांतून कळतात.

दिवाळीपर्यंत वाचलेली पिल्लं बोटाएवढी होतात आणि बाजी पलटते. जुलैत ज्यांच्यापासून ती लपली, त्यांनाच आता खातात. किडेही मग दिवसा दगडाखाली राहतात, रात्री बाहेर येतात. चैत्रात पाणी फक्त कोंडीत उरतं आणि हे सगळे एकाच डबक्यात कोंडले जातात. अशा वेळी मासे पकडायला कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पिशवीभर माशांसाठी किडे, पिल्लं, खेकडे सगळं मरतं.

स्वतः बघायचं असेल तर ऑगस्टच्या उघडिपीत पांढरी ताटली घेऊन जा. पूर उतरलेला असेल तेव्हाच जा. काठचा मूठभर पाचोळा तिच्यात पाण्यासकट ठेवा आणि पाच मिनिटं हलू नका. पाचोळाच चालू लागल्यासारखं वाटेल. शेपटीला तीन पानं असतील तर ते टाचणीचं, म्हणजे चतुराच्या सडपातळ नातलगाचं पिल्लू. पानं नसतील आणि पार्श्वभागातून पाण्याची चिळकांडी मारत पुढे उसळलं, तर ते चतुराचं.