भूकंपाने आपोआप बंद होणारा गॅस व्हॉल्व्ह इमारतीत बसवावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: नांदेडला तुमच्या इमारतीत खाली सिलिंडरची बँक, म्हणजे एकत्र जोडलेले सिलिंडर आहेत, तिथून पाइपने घरोघरी गॅस जातो. हिंगोलीकडचे धक्के जाणवायला लागल्यापासून सोसायटीत आपोआप बंद होणाऱ्या व्हॉल्व्हची चर्चा आहे, तर तो घ्यावा का?

मी गॅस लाइनच्या फिटिंगच्या कामात आहे. माझं म्हणणं, जरूर घ्या, पण आधी जो हाताने बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह आहे तो नीट करून घ्या.

भीती खोटी नाही. 2024 मध्ये 21 मार्चला आणि 10 जुलैला हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. 1993 ला किल्लारीत दगडमातीच्या घरांनी माणसं गाडली गेली, तिथे गॅसचा संबंध नव्हता. आज मात्र आपल्या इमारतींमध्ये मजल्यामजल्याला गॅसचा पाइप आहे.

या व्हॉल्व्हच्या एका प्रकारात आत गोळी असते. जोराचा हादरा बसला की ती जागेवरून सुटते आणि गॅसची वाट अडते. लॉस एंजेलिसमध्ये 1994 च्या भूकंपानंतर नव्या इमारतींना असे व्हॉल्व्ह सक्तीचे झाले. जपानात तर घरगुती गॅस मीटरच मोठ्या धक्क्याला पुरवठा तोडतो. पण आपला हा व्हॉल्व्ह भिंतीला घट्ट आणि अगदी सरळ बसलेला हवा. सैल राहिला तर शेजारून ट्रक गेला तरी बंद पडू शकतो. आणि त्याला गळती कळत नाही, फक्त हादरा कळतो. रबरी नळी चिरली तर तो काहीच करणार नाही.

म्हणून हाताचा व्हॉल्व्ह. त्याची मूठ पाइपच्या दिशेने असली की चालू, पाइपला आडवी केली की बंद, इतकं सोपं आहे. पण कित्येक ठिकाणी तो कुलूपबंद जाळीत असतो, किल्ली अध्यक्षांच्या घरी आणि समोर मोटारसायकलींची रांग. रात्री तीनला कोण पोचणार तिथे? जाळीला कुलूप असू द्या, पण बाहेरच्या लाइनवर, सगळ्यांचा हात पोचेल असा एक व्हॉल्व्ह एजन्सीकडून बसवून घ्या. वर ठळक मराठीत ‘गॅस बंद’ आणि बाण रंगवा. प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसाला, कामवाल्या ताईंना आणि वॉचमनलाही तो एकदा हाताने फिरवायला लावा. मात्र तेव्हा सगळ्या शेगड्या आणि घरातले व्हॉल्व्ह आधी बंद हवेत, आणि एजन्सीचा माणूस हजर.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो खाली उतरतो, पार्किंगमध्ये, लिफ्टच्या खड्ड्यात, गटारात साचतो. वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, चालू पंखा बंदही करू नका, लिफ्ट वापरू नका. व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यांना जिन्याने बाहेर काढा आणि लांब गेल्यावर 1906 या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन करा.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुन्हा चालू करताना. मुख्य व्हॉल्व्ह बंद झाला तेव्हा कुणाच्या तरी शेगडीवर दूध असतं. ज्योत विझते, बटण तसंच चालू राहतं. खालून कुणी व्हॉल्व्ह उघडला की त्या घरात न जळलेला गॅस भरायला लागतो, आणि घरात कुणी नसेल तर कळतही नाही. त्यामुळे बंद कुणीही करावा, उघडायचा मात्र एजन्सीच्या माणसानेच, घरोघरी शेगडी बघून आणि लाइन तपासून. एखादं घर कुलूपबंद असेल तर त्याच्या बाहेरचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय मुख्य लाइन सुरू करू देऊ नका.